रूथवर रागावणं सोपं आहे

अमेरिकेत हल्ली कुठलंही नाटक संपलं की प्रेक्षक उभं राहूनच टाळ्या वाजवतात. पुढचा उठला की मागच्याला दिसेनासं होतं, म्हणून तोही उठतो, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं असतं. 'फेसिंग ईस्ट' संपलं तेव्हा मात्र निम्मेच लोक उठले. उरलेले बसून राहिले, आणि त्यांना नाटक आवडलं नव्हतं असंही नव्हतं. दोन खुर्च्या सोडून एक वयस्कर जोडपं होतं. त्यातल्या नवऱ्याने कोट चढवला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि तो पुन्हा खाली बसला. माझ्या बाजूला माझी शेजारीण होती, अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली. तिने मला आग्रहाने या नाटकाला आणलं होतं. तिच्या हातातल्या रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती. रडत होते ते सगळे उभे राहिलेले लोक.

नाटक कॅरोल लिन पिअर्सन यांचं. २००६च्या नोव्हेंबरमध्ये युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत प्लॅन-बी थिएटर कंपनीने ते पहिल्यांदा केलं, म्हणजे थेट मॉर्मनांच्या राजधानीतच. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या लहान व्यावसायिक नाट्यगृहांत, गेलं आणि सॅन फ्रान्सिस्कोतही झालं. मी पाहिला तो त्यानंतर काही काळाने आमच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी, एका लहानशा गटाने केलेला प्रयोग. पात्रं तीन. अ‍ॅलेक्स आणि रूथ हे प्रतिष्ठित, धर्मनिष्ठ मॉर्मन दांपत्य, आणि मार्कस. अँड्र्यू या समलिंगी मुलाने आत्महत्या केली आहे. दफनविधी आटोपून लोक निघून गेले आहेत. आईला घरी जायचं आहे आणि वडलांचे पाय कबरीपासून निघत नाहीत. नुकताच झाला तो विधी खोटा होता, त्यात आपल्या मुलाबद्दल एकही खरं वाक्य कोणी उच्चारलं नाही, असं अ‍ॅलेक्सला वाटतं. तो विधी दोघं पुन्हा करू पाहतात, या वेळी खरं बोलून. ते चालू असताना मार्कस येतो. तो अँड्र्यूचा जोडीदार, आणि या आईवडलांनी त्याला आजवर पाहिलेलंसुद्धा नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी उठताना समोर उगवता सूर्य असावा म्हणून मृताला पूर्वेकडे तोंड करून पुरतात, नाटकाचं नाव त्यावरून आलेलं.

प्रयोगानंतर चर्चा होती. इथे ती पद्धतच आहे: नट मेकअप न उतरवता खुर्च्या टाकून बसतात, एकजण माइक घेऊन रांगांमधून फिरतो. पहिला माइक ज्या बाईंच्या हातात गेला त्या थरथरत होत्या. त्यांनी रूथचं काम करणाऱ्या नटीला आधी 'तुम्ही फार सुंदर काम केलंत' असं सांगितलं आणि मग म्हणाल्या, 'पण असल्या बाईला आई कसं म्हणायचं? मुलगा जमिनीखाली गेला तरी हिला आपला धर्म सुटत नाही.' सभागृहात टाळ्या पडल्या. दोन-तीन जण 'बरोबर' म्हणाले. पुढच्याही बहुतेक वक्त्यांचा रोख रूथवरच.

हा राग कुठून आला ते इथे राहणाऱ्या कोणालाही कळेल. २००८ साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह कायदेशीर झाले आणि ते रद्द करण्यासाठी प्रपोझिशन ८ मतदानाला आलं. त्या जूनच्या शेवटी मॉर्मन चर्चच्या अध्यक्षांचं पत्र राज्यातल्या सगळ्या वॉर्डांमधून, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळ्यांमधून, रविवारी वाचून दाखवलं गेलं: या प्रस्तावासाठी वेळ द्या, पैसा द्या. लोकांनी दोन्ही दिलं. नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव ५२ टक्क्यांनी पास झाला. ओकलंडच्या डोंगरावर मॉर्मनांचं पाच शिखरांचं टेंपल, म्हणजे खास विधींसाठीचं मंदिर, आहे, रात्री दिवे लागले की खाडीच्या पार पलीकडूनही दिसतं. त्याच्या दारात निदर्शनं झाली. ज्यांची लग्नं त्या मतदानाने अडवली ते लोक याच गावांत राहतात, नाटकाला येतात. त्यांना समोर रूथ दिसली. त्यांनी रागावू नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

पण टाळ्या चालू असताना शेजारीण माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, 'तिचा मुलगा तिला दोनदा गेलाय. ह्यांना एकदाच दिसतंय.'

ती पाचव्या पिढीची मॉर्मन. तिच्या पूर्वजांनी हातगाड्या ओढत युटा गाठलं. तिच्या घरी जेवणाच्या टेबलामागे चौकटीत 'कुटुंब: जगासाठी घोषणा' टांगलेली आहे. चर्चने १९९५ साली काढलेली ही घोषणा हजारो मॉर्मन घरांत अशीच भिंतीवर असते. तिच्याकडून मी वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी जे ऐकत आले होते ते त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात जुळलं.

इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांत लग्न मृत्यूपर्यंत असतं. मॉर्मन लग्न टेंपलमध्ये झालं तर ते अनंतकाळासाठी लागतं. नवरा-बायको एकमेकांना सील होतात, त्यांना होणारी मुलंही त्या बंधनातच जन्मतात. म्हणजे कुटुंब मेल्यावरही कुटुंबच राहतं, आई ही आईच आणि मुलगा हा मुलगाच. स्वर्गाला पायऱ्या आहेत, आणि सगळ्यांत वरच्या जागी जायला टेंपलमधलं स्त्री-पुरुषाचं लग्न लागतं. एकट्याने तिथे जाता येत नाही. मॉर्मन मुलाला हे बालवर्गापासून गाण्यांतून शिकवतात. घरातली वडीलधारी मंडळी प्रार्थनेत म्हणतात, वर आपल्या टेबलावर एकही खुर्ची रिकामी राहू नये.

आता रूथच्या जागेवर बसून बघा. मुलगा समलिंगी आहे म्हटल्यावर तिच्यासमोर गावातली बेअब्रू हा प्रश्न दुय्यम आहे. तिच्या हिशेबाने हा मुलगा तिला इथली वीस-पंचवीस वर्षं मिळाली होती आणि पुढचा अनंतकाळ मिळणार नाही. म्हणून ती त्याला ओढते, अडवते, उपास करते, बिशपकडे पाठवते, मार्कसचं नाव घरात उच्चारू देत नाही. तिला वाटतं की ती बुडणाऱ्याचे केस धरून त्याला वर ओढते आहे. आणि त्या ओढण्यानेच तो जातो.

मॉर्मन घरांत मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघालेल्या मुलाला एक गोष्ट सांगायची जुनी रीत होती. शील घालवून परत येण्यापेक्षा शवपेटीतून आलास तरी चालेल. माझ्या शेजारणीच्या वडलांना त्यांच्या वडलांनी स्टेशनवर हेच सांगितलं होतं. सांगणारा बाप क्रूर नव्हता, गाडी सुटेपर्यंत रडत होता, अशी आठवण तिच्या घरात अजून सांगतात. नाटकात ती पेटी खरोखर समोर पुरलेली आहे. सभागृहात बसून राहिलेल्या लोकांना हे दिसत होतं, असं मला वाटतं. पुढे उभ्या राहिलेल्यांना एक कट्टर बाई दिसली. बसलेल्यांनी आपल्याच घरातली वाक्यं एका परक्या बाईच्या तोंडून ऐकली होती.

पिअर्सनबाईंनी रूथला खलनायिका केलं नाही, यात मला या नाटकाचं सगळ्यात मोठं धाडस दिसतं, आणि ते त्यांनी का केलं नाही याला त्यांचं आयुष्य कारण आहे. कॅरोल लिन आणि जेराल्ड पिअर्सन यांचं लग्न १९६६ साली सॉल्ट लेकच्या टेंपलमध्ये झालं. जेराल्ड समलिंगी होते, कॅरोल लिनना लग्नाआधी त्यांनी ते सांगितलंही होतं. तेव्हाच्या धर्मगुरूंचं मत असं की लग्न केलं की हे सुटतं. चार मुलं झाली. १९७८ला घटस्फोट झाला. काही वर्षांनी जेराल्डना एड्स झाला. त्या काळी या आजाराच्या माणसाच्या खोलीत पाऊल ठेवायला लोक घाबरत होते. कॅरोल लिननी त्यांना कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी आणलं आणि शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. १९८४ साली ते त्याच घरात वारले. दोन वर्षांनी या सगळ्यावर कॅरोल लिननी पुस्तक लिहिलं, आणि मग पुढची कित्येक वर्षं देशभरातल्या मॉर्मन आयांची, मुलांची, नवऱ्यांची पत्रं त्यांच्या दारात येत राहिली. एवढ्यावर संपलं नाही. त्यांच्या मुलीचा नवरा, नट आणि लेखक स्टीव्हन फेल्स, हाही समलिंगी निघाला. ते लग्नही मोडलं.

अशी बाई चर्च सोडून जाईल आणि बाहेरून दगड मारेल, असं कोणालाही वाटेल. त्या गेल्या नाहीत. वॉर्डात जात राहिल्या, लिहीत राहिल्या. म्हणून रूथ इतकी आतून लिहिली गेली. त्या रूथशी सहमत नाहीत, नाटकाच्या एकेका प्रसंगात ते स्वच्छ दिसतं, पण तिची भीती त्या चेष्टेवारी नेत नाहीत.

चर्चेतली एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली आणि अजून खटकते. अ‍ॅलेक्सवर कोणी रागावलं नाही. 'वडलांचं पात्र किती हृदयस्पर्शी' असं तिघांनी सांगितलं. अ‍ॅलेक्सने मुलगा जिवंत असताना काय केलं? त्यानेही मार्कसला कधी भेटून घेतलं नव्हतं. त्याला पश्चात्ताप होतो तो कबरीपाशी. बाप कबरीपाशी रडला की आपण विरघळतो. आई कबरीपाशी रडली नाही की तिला माफी नाही. मुलाला घडवायची, सांभाळायची, नीट वळणावर ठेवायची जबाबदारी चर्चने आणि घराने मिळून रूथवर टाकली, आणि ती पार पाडण्याबद्दलची सगळी शिक्षाही तिलाच. मी हे तिथे बोलायला हवं होतं असं काही नाही, माझा तो मानही नव्हता. पण सभागृहातले बरेच जण स्वतःला पुरोगामी म्हणवणारे होते आणि आईबापांना लावलेली त्यांची मापं वेगवेगळी होती, एवढं नमूद करते.

मग माइक त्या वयस्कर जोडप्याकडे गेला. कोटाची बटणं लावलेला नवरा बोलला नाही, बायको बोलली. खूप वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा असाच गेला होता. वॉर्डातल्या बायकांनी आठवडाभर जेवण पुरवलं. मॉर्मनांकडे मयताच्या घरी एक ठरलेला पदार्थ येतो, किसलेले बटाटे, चीज, आंबट क्रीम घालून वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा पसरून भाजलेला. त्याला नावच 'फ्युनरल पोटेटोज'. त्या बाई म्हणाल्या, 'सात दिवसांत माझ्या घरी त्याची एवढी ताटं आली की फ्रीजमध्ये जागा उरली नाही. ताट आणणाऱ्या प्रत्येकीने मला मिठी मारली. एकीनेही त्याचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. सगळ्या बायका फार चांगल्या होत्या.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

या वेळी टाळ्या नाहीत. माइकवाला पुढे सरकायला तयार नव्हता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ माइकशिवायच बोलले. सत्तरीचे असावेत. 'मार्कसच्या घरी जेवण कोणी नेलं?' एवढंच विचारलं त्यांनी.

अर्धा-पाऊण तास आम्ही त्या नाटकावर बोलत होतो आणि मार्कसचं नाव तोवर कोणाच्या तोंडून आलं नव्हतं. रूथला शिव्या देणाऱ्यांच्याही नाही. अँड्र्यूच्या दफनविधीत मार्कसला जागा नव्हती, आणि आमच्या चर्चेतही नव्हती. मेलेल्या मुलावर प्रेम करायला फारसं काही लागत नाही, तो आता काही मागत नाही, कोणाला घरी घेऊन येत नाही. जिवंत मार्कसला दारात उभं राहू द्यायचं की नाही, हा नाटकातला खरा पेच आहे. पिअर्सनबाई रूथला त्याच्यासमोर उभं करतात ते त्यासाठीच. अश्रूंच्या भरात तो पेच आमच्या सगळ्यांच्या नजरेतून निसटला होता.

आमच्या इथेच, सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत, कॅटलिन रायन यांनी कुटुंबांवर बरंच काम केलं आहे. २००९ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. किशोरवयात घरून जास्त नकार वाट्याला आलेल्या समलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना नकार जवळजवळ सोसावा लागला नाही त्यांच्या ८.४ पट निघालं. नकार म्हणजे मारहाण किंवा घराबाहेर काढणं एवढंच त्यांनी धरलं नव्हतं. मित्रांना भेटू न देणं, घरच्या समारंभातून वगळणं, 'हे कोणाला सांगू नकोस' म्हणून बजावणं, देव शिक्षा करील म्हणणं, हेही त्यात होतं. यातलं बरंचसं आईबाप काळजीपोटी करतात, हेही रायन यांनी आवर्जून मांडलं. २०१२मध्ये त्यांच्या प्रकल्पाने खास मॉर्मन पालकांसाठी पुस्तिका काढली, त्यांच्याच धर्माच्या भाषेत. श्रद्धा सोडा असं ती सांगत नाही. मुलाशी रोज कसं वागायचं तेवढं सांगते. शेजारणीने ती माझ्या हातात ठेवली तेव्हा मला रूथ आठवली. रूथला कोणी असं काही वेळेवर हातात दिलं असतं तर?

आपल्याकडच्या प्रेक्षकांचा विचार या संदर्भात मनात येतोच. चेतन दातार यांचं 'एक माधवबाग' आहे, मोना आंबेगावकर एकट्या ते सादर करतात. तिथेही आई, तिथेही समलिंगी मुलगा. पण त्या आईच्या पुढ्यात परलोकाचा हिशेब नाही. मराठी आईची भीती याच जगातली असते: नातेवाईक, लग्नाचा विषय काढणारी आत्या, म्हातारपणी याला कोण, चारचौघांत काय सांगायचं. ही भीती लहान आहे असं मी म्हणणार नाही, तिनेही मुलं मेली आहेत. पण ती निदान ओळखता येते. चार लोकांनी तोंड फिरवलं तरी पाचवा घरी येतो, आणि दोन वर्षांनी त्या चौघांच्या घरात काहीतरी निघतंच. रूथची भीती अशी झिजत नाही. तिच्याशी वाद घालायचा तर तिच्या देवाशीच घालावा लागतो. म्हणून हे नाटक कोणी मराठीत आणायला निघालं तर माझी एक विनंती आहे. ते सॉल्ट लेकमध्येच राहू द्या, रूथला सदाशिव पेठेत आणू नका. इथे आली की ती नुसती लोकलज्जेला भ्यालेली आई होईल, आणि तशा आया आपल्या रंगभूमीवर पुष्कळ झाल्या.

नंतरच्या वर्षांत बरंच काही घडलं. २०१२च्या जूनमध्ये सॉल्ट लेकच्या प्राइड मिरवणुकीत चर्चला नियमाने जाणारे शेकडो मॉर्मन रविवारच्या कपड्यांत, टाय-स्कर्टमध्ये, मुलांना बाबागाडीत घालून चालले. माझ्या शेजारणीची युटातली बहीणही त्यांत होती. तिचा मुलगा समलिंगी आहे. नाटक पाहून आल्यावर शेजारणीने बहिणीला फोन केला होता, आणि भाच्याच्या जोडीदाराचं नाव काय, तो कुठला, काय करतो, हे पहिल्यांदा विचारलं होतं. तोवर दोन वर्षं 'तो आणि त्याचा रूममेट' असंच चाललं होतं.

मग २०१५चा नोव्हेंबर आला. समलिंगी लग्न केलेले सभासद धर्मद्रोही ठरतील आणि त्यांच्या मुलांना अठरा वर्षांची होईपर्यंत बाप्तिस्मा मिळणार नाही, असा नियम चर्चने केला. एरवी तो आठव्या वर्षी होतो. टेंपलजवळच्या बागेत रांगा लावून शेकडो लोकांनी सभासदत्वाचे राजीनामे दिले. बहिणीने दिला, तिच्या नवऱ्याने दिला. २०१९च्या एप्रिलमध्ये चर्चने तो नियम मागे घेतला, पण गेलेली सगळी माणसं परतली नाहीत. बहीणही परतली नाही.

शेजारणीने राजीनामा दिला नाही. अजून दर रविवारी जाते, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देते. भाच्याच्या लग्नाला गेली, फोटोत मधोमध उभी आहे, आणि त्यावरून वॉर्डात तिला ऐकून घ्यावं लागलं. मला तिचं तिथे राहणं पटत नाही. ज्या संस्थेने तिच्या भाच्याला आठ वर्षांचा असताना अनंतकाळाचं कुटुंब कबूल केलं आणि वीस वर्षांचा झाल्यावर दार लावलं, तिच्या तिजोरीत आपला दहावा हिस्सा का टाकावा? हे मी तिला तोंडावर विचारलं आहे, एकदा नाही, अनेकदा. आमची यावर भांडणं होतात, खरीखुरी.

ती म्हणते, 'आमच्या वॉर्डात तिसऱ्या बाकावर एक चौदा वर्षांचा मुलगा बसतो. मला काही सांगितलेलं नाही त्याने, मी विचारतही नाही. पण माझ्यासारख्या सगळ्या निघून गेल्या, तर त्याच्या आजूबाजूला कोण कोण उरेल, ते तू मला सांग.'